पाण्याला वाट द्या!

बालमित्रांनो, गुरुजींना सगळं येतं, असं तुम्हाला वाटतं ना? मग ऐका माझी फजिती!

मी शिकवतो सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि घर आहे सांगलीला. शनिवारी एस.टी.नं घरी जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि ताटावरून उठायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. ते ताट घासतं कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मग मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग दिसला!

धाकट्या भावानं भांडी धुण्याचं यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आणलं. आई म्हणाली, "यंत्राला काय कळतंय रे?" मी ऐटीत म्हणालो, "बघच तू!" वाटीत वाटी, चमच्यावर चमचा, पातेली उताणी, अशी भांडी कोंबली आणि बटण दाबलं. दोन तासांनी दार उघडतो तर काय! पातेल्यात गढूळ पाणी, वाट्यांना पिठलं जसंच्या तसं आणि ॲल्युमिनियमची कढई काळी ठिक्कर! आई काही बोलली नाही. डाव्या हातानं ती वाटी घासू लागली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी शाळेत पोषण आहाराची खिचडी झाली. मुलं ताटल्या धूत होती. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, पण माण पडला पर्जन्यछायेत. इथं पाणी जपूनच वापरायचं. चौथीतली एक मुलगी तांब्याभर पाण्यात ताटली लख्ख करत होती. "हे गं कसं?" मी विचारलं. ती म्हणाली, "गुरुजी, ताटली तिरकी धरायची. पाणी आपसूक घाण घेऊन जातंय. सपाट धरली की तिथंच साचतंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्राला हात कुठं असतात? आत पाती फिरतात आणि त्यांच्या भोकांतून गरम पाण्याचे फवारे उडतात. फवारा पोचेल तेवढंच धुतलं जाणार! अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ साली अशा यंत्राचं पेटंट मिळवलं. त्यांनीही आधी बश्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे केले होते, बरं का!

पुढच्या शनिवारी आई खुर्चीवर बसली आणि मी तिचा विद्यार्थी झालो. खरकटं आधी काढून टाकलं. ताटं उभी लावली, एकमेकांना न टेकता. वाट्या नि पातेली पालथी, जरा कलती. काही चमच्यांचे दांडे वर, काहींचे खाली, म्हणजे एकाच्या कुशीत दुसरा शिरत नाही. सुरीचं टोक खाली. मोठी भांडी खालच्या कप्प्यात, पेले वरच्या. शेवटी पातं हातानं फिरवून पाहिलं, उलथनं आडवं येत नाही ना! ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंडी तवा आणि लाकडी रवी मात्र बाहेरच ठेवली. यंत्राची पावडर फार तिखट. धातू काळवंडतो, तवा गंजतो, लाकूड तडकतं.

या वेळी वाटी न् वाटी चकचकीत निघाली. मी म्हटलं, "आई, तुला हे सगळं कसं गं ठाऊक?" ती हसली. "अरे, मी रोज भांडी पालथी घालतेच की. तू कधी बघितलंस?"

आईचं मनगट आता बरं झालंय. पण शनिवारची भांडी माझ्याकडंच!

मुलांनो, बहुतेकांच्या घरी असं यंत्र नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. आपल्याला दोन हात आहेत ना! मुलगा असो की मुलगी, ताट तिरकं धरा, पाण्याला वाट द्या आणि धुतलेलं भांडं पालथं घाला.

मग? आज रात्री तुमचं ताट कोण घासणार?