कारेगावच्या वर्गखोल्या आणि विद्यापीठातील वाचनविद्या

पुणे-नगर महामार्गावर रांजणगावचा महागणपती मागे टाकून शिरूरकडे निघाले की औद्योगिक वसाहतीला खेटून कारेगाव लागते. व्हर्लपूल, एलजी, फियाट यांसारख्या कारखान्यांमुळे वाढलेल्या या परिसरात मूळ शेतकरी कुटुंबांच्या शेजारी मराठवाड्यातून, विदर्भातून, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली भाडेकरू कुटुंबे राहतात. परिणामी पहिलीच्या वर्गात घरची बोली, शाळेची मराठी आणि खोल्यांच्या रांगेत सर्वांना चालणारी हिंदी अशा तीन भाषा एकाच बाकावर बसलेल्या आढळतात. अशा वर्गांशी प्रस्तुत लेखिकेचा जो दीर्घ संबंध आला, त्यातून विद्यापीठीय साक्षरता केंद्रे नेमके काय देऊ शकतात आणि कोठे त्यांचे हात अपुरे पडतात, याविषयी काही निरीक्षणे हाती लागली. ती येथे नोंदवली आहेत.

साक्षरता केंद्र म्हटले की कंदिलाच्या उजेडात पाटीवर सही गिरवणारे प्रौढ डोळ्यांसमोर येतात. विद्यापीठाशी जोडलेल्या केंद्राचा प्रमुख विषय मात्र आरंभिक साक्षरता हा असतो, म्हणजे साधारणपणे आठ वर्षांपर्यंतच्या वयात मूल ऐकणे, बोलणे, रेघोट्या ओढणे यांतून वाचन-लेखनापर्यंत कसे पोचते त्या वाटेचा अभ्यास. मराठीपुरते पाहता या अभ्यासाचा एक ठळक टप्पा फलटणला घडला. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे तेथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. शाळेत वर्षे काढूनही ज्यांना वाचता येत नव्हते अशा मुलांबरोबर काम करताना त्यांनी वाचनाची जी पद्धत बांधली, तिचे ज्ञान कालांतराने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या हैदराबाद येथील अध्यापनातही पोचले. येथे वर्गातले शहाणपण आधी जन्मले आणि विद्यापीठाने ते नंतर आपलेसे केले. अशा कामात हाच क्रम अधिक निरोगी म्हणावा लागेल.

या पद्धतीचे मर्म असे की वर्णमालेच्या क्रमाने सर्व अक्षरे घोकून घेण्यापूर्वी मोजक्या अक्षरांचा गट आणि एखादे स्वरचिन्ह मुलाच्या हाती द्यावे, जेणेकरून पहिल्या काही दिवसांतच त्याला अर्थपूर्ण शब्द वाचता येतील. याचा पडताळा कारेगावात क, म, ल आणि काना एवढ्याच सामग्रीवर आला. काका, मामा, काम, माल, लाल, कमाल, मला हे शब्द मुलांनी कार्डे जुळवून तयार केले, आणि त्यांपैकी एकीने दोन कार्डे शेजारी ठेवून ‘काका कामाला’ असे स्वतःहून वाचले, तेव्हा ज्या वस्तीत रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणारी रांग लागते, त्या वस्तीतील मुलांना फळ्यावरचे अक्षर प्रथमच घरचे वाटले. बाराखडी म्हणणे आणि वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पटवून देण्यासाठी त्यानंतर कोणाही पालकापुढे व्याख्यान द्यावे लागले नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोलाची देणगी म्हणजे चूक ऐकण्याची शिस्त. ‘आई पाणी भरते’ हे एकच वाक्य तीन मुलांनी वाचले असता पहिल्याने ‘आई पाणी आणते’ असे वाचले. म्हणजे अर्थाचा धागा त्याच्या हाती होता, परंतु शेवटच्या शब्दाकडे त्याने पाहिलेच नव्हते. दुसऱ्याने प्रत्येक अक्षर सुटे, अचूक आणि मोठ्याने उच्चारले, मात्र पाणी कोण भरते असे विचारताच तो गप्प राहिला. तिसरीने ‘पानी’ म्हटले. हा तिच्या घरचा उच्चार होता, तिचे वाचन सर्वस्वी निर्दोष होते, आणि तरीही प्रचलित तपासणीत तिच्या नावापुढे फुलीच पडली असती. तीन मुलांना तीन निराळ्या प्रकारची मदत लागते हे एकदा ध्यानात आले की ‘वर्गाला वाचता येत नाही’ हे सरसकट विधान शिक्षकाच्या तोंडून पुन्हा सहसा निघत नाही. लेखनाचेही तसेच. वडिलांच्या रात्रपाळीविषयी दुसरीतील एका मुलाने ‘पपा नाटला गेले’ असे लिहिले होते. तेथे लाल शाईने शुद्धलेखन सुधारण्यापेक्षा त्याने ‘नाइट’मधले कोणते ध्वनी कागदावर पकडले आणि कोणता निसटला हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरले, कारण निसटलेला ‘इ’ दाखवून दिल्यावर त्याने ‘आईची पण नाइट आसते’ असे पुढचे वाक्य आपण होऊन लिहिले.

अशा निरीक्षणांना व्यापक आधार मिळतो तो संशोधनातून. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०१३ नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या भागांत, नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट या संस्थेसह अन्य सहकाऱ्यांना घेऊन, पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा सलग मागोवा घेतला. कन्नड व मराठीसारख्या लिप्यांत व्यंजन, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे यांतून शेकडो अक्षररूपे तयार होतात व ती आत्मसात होण्यास वेळ लागतो. तो वेळ नक्कल आणि सामूहिक घोकंपट्टीत गेला तर आकलन मागे पडते, ही गोष्ट या अभ्यासाने पुराव्यानिशी मांडली. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि तिसरीअखेर पायाभूत साक्षरतेचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा वर्गांवर तक्ते आणि चाचण्यांचा मारा वाढला. त्या गर्दीत हे संशोधन शिक्षकाच्या बाजूने उभे राहते, ही त्याची दुय्यम वाटणारी परंतु खरी सेवा होय.

समाजाच्या बाबतीत मात्र चित्र असे उजळ नाही. याच पुणे जिल्ह्यात समाजाबरोबर काम करण्याचा एक जुना आणि विसरला गेलेला धडा उपलब्ध आहे. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली मुंबईत स्थापन केलेली आणि पुढे पुण्यात आलेली भारतीय शिक्षण संस्था १९७९ पासून चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा गुरे व घरकाम सांभाळणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग चालवीत होती. त्यांत शिकवणारी व्यक्ती गावातलीच असे आणि वर्गाच्या व्यवस्थेत गावकऱ्यांचा शब्द चाले. तो प्रयोग ज्या गृहीतावर उभा होता ते म्हणजे गाव स्थिर आहे आणि लोक एकमेकांना ओळखतात. कारेगावात हे गृहीतच डळमळते, कारण खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, ठेकेदार बदलला की कुटुंब हलते, आणि पालकसभा दुपारी ठेवली तर पहिल्या पाळीचे लोक येऊ शकत नाहीत, संध्याकाळी ठेवली तर दुसऱ्या पाळीचे.

आजचे उपक्रमही ही उणीव भरून काढत नाहीत. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे सात दिवसांची असतात. प्रभातफेरी, घोषणा, सर्वेक्षणाचे फॉर्म आणि समारोपाचे भाषण एवढे त्यांत बसते, वाचन बसत नाही. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता आखलेला ‘उल्लास’ कार्यक्रम स्वयंसेवकांवर चालतो आणि अखेरीस वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा घेतो. तिचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या स्त्रियांचा आनंद खोटा नसतो, परंतु त्यांची प्रत्यक्ष निकड वेगळी असल्याचे वारंवार जाणवले. पगाराच्या पावतीवरील भविष्यनिर्वाह निधीची कपात कोणती आणि ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास किती धरले, हे त्यांना स्वतः वाचायचे असते. विद्यापीठाच्या केंद्राला येथे खरे काम आहे, कारण अशा पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या व शाळेच्या सूचना यांतून प्रौढांचा पाठ रचणे हे एकट्यादुकट्या स्वयंसेवकाच्या आवाक्यातले नाही.

स्थलांतराचा पेच त्याहून किचकट आहे. मूल वर्षाच्या मध्यात निघून गेले की शाळा सोडल्याचा दाखला त्याच्याबरोबर जातो; त्यात जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक असते, मात्र हे मूल कोणती अक्षरे ओळखते, गोष्ट ऐकून काय सांगू शकते आणि ‘पाणी’ला ‘पानी’ का म्हणते, यांपैकी काहीच नसते, म्हणून नवी शाळा त्याला पुन्हा ‘अ’पासून बसवते. कारेगावातील काही वर्गांत दाखल्याला एक पानभर वाचननोंद जोडून देण्याचा प्रघात शिक्षकांनी आपल्यापुरता सुरू केला आहे. ती नोंद कोणत्या नमुन्यात असावी, हिंदी वा कन्नड माध्यमाच्या शिक्षकालाही ती कशी उमगेल, हे ठरवून देणारे केंद्र अद्याप त्यांना लाभलेले नाही. तूर्त ती वहीच्या फाडलेल्या पानावर, शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकासह, पालकाच्या हाती दिली जाते.