परके कोण?

२०२३ सालच्या मे महिन्याची अखेर होती. पुसदचे ऊन ऐन भरात होते आणि आमच्या घरी आमरसाची पंगत बसली होती. सुट्टीस आलेला आमचा भाचा शेजारीच जेवत होता. युगांडात नवा कायदा झाल्याची वार्ता त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात होती : समलिंगी संबंधांस जन्मठेप, काही प्रसंगी देहदंडही. आमचे वडील बंधू अण्णा यांनी ती मोठ्याने वाचली व म्हणाले, "त्या लोकांनी आपली संस्कृती तरी राखली! आपल्याकडे मात्र सारे विलायती खूळ." भाच्याने हातातली पोळी ताटात ठेवली आणि तो उठून गेला. आम्ही वाटीतला रस संपविला.

त्याचे गुपित आम्हांस ठाऊक होते. पूस नदीच्या पुलावर एके संध्याकाळी त्यानेच ते सांगितले होते. तरी पंगतीत एक शब्द बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्या लाजेपायीच म्हणा, यात विलायती कोणते आणि देशी कोणते, याचा आम्ही शोध घेऊ लागलो.

निघाले ते उलटेच. ३७७ वे कलम इंग्रज सरकारच्या १८६० च्या दंडविधानातले. त्याचा मूळ मसुदा मेकॉलेसाहेबांच्या आयोगाचा. पूर्व आफ्रिकेत इंग्रजांनी प्रारंभी हेच दंडविधान नेऊन लावले. इंग्रज गेले, शिक्षा राहिली, आणि तिला 'आमची संस्कृती' हे नाव पडले. पुढे २००९ साली अमेरिकेतील काही धर्मप्रचारक कंपाला येथे व्याख्याने देऊन गेले. त्याच वर्षी डेव्हिड बहाटी यांनी अधिक कडक विधेयक मांडले. त्याचा २०१४ मध्ये झालेला कायदा न्यायालयाने गणसंख्येच्या अभावी रद्द केला. २०२३ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा विरोधी पक्षीयांनीही त्यास हात वर केले. मते मागावयाची असली म्हणजे या बाबतीत सौम्य दिसणे कोणासच परवडत नाही. १९८६ पासून सत्तेवर असलेल्या मुसेवेनींस याहून स्वस्त शत्रू कोठे मिळणार?

हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. अशा विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांस 'समाजस्वास्थ्य' मासिकातून सरळ उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. तरी ते हरले. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले, म्हणजे १५८ वर्षांनी. पंगतीतले कलम वेगळे. ते कोणत्याच पुस्तकात नसल्यामुळे रद्द कसे करावे हे कळत नाही.

अण्णांस हे सारे आम्ही एकदा वाचून दाखविले. "असेलही," ते म्हणाले; आणि थोड्या वेळाने, "हल्ली तो सुट्टीत येत का नाही रे?"

आम्ही पुन्हा गप्पच बसलो. भाच्यास पत्र लिहावयास घेतले आहे, 'चि.' लिहून झाले, पुढली ओळ अजून सुचत नाही.