वाकडे अंगण

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्या कोणाच्या तोंडून प्रथम बाहेर पडली ती व्यक्ती एक तर कोणाची तरी सासू असावी, नाही तर शिक्षक. या दोन वर्गांना ती जितकी उपयोगी पडते तितकी इतर कोणास पडत असेल असे आम्हांस वाटत नाही. आम्ही दुसऱ्या वर्गातले. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे महाविद्यालयात शिकविताना आम्ही या म्हणीचा यथेच्छ उपयोग केला आहे. पुस्तक ग्रंथालयात नव्हते, प्रश्नपत्रिका अवघड होती, असे विद्यार्थ्याने म्हणावयाचा अवकाश, की आम्ही ही म्हण पुढे करावी आणि वर्गाने हसावे. म्हणीचा मोठा गुण असा, की ती उच्चारणाऱ्यास विचाराचे श्रम पडत नाहीत. आणि ते अंगण प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे श्रम तर मुळीच पडत नाहीत. आम्हांस मात्र एकदा ते जाऊन पाहावे लागले, त्याची ही हकीकत आहे.

आमची धाकटी कन्या नेमबाजी शिकते. शीव कोळीवाड्यात, जेथे एके काळी दारोदार जाळी वाळत असत आणि १९४७ नंतर पंजाबी व सिंधी निर्वासितांनी नवे संसार थाटले, तेथे आमचे दोन पिढ्यांचे बिऱ्हाड आहे. जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव पूर्वी कोळीवाडा होते, आता ते गुरू तेग बहादूर नगर झाले आहे. आमचे वडील मात्र अखेरपर्यंत 'कोळीवाड्याचे तिकीट'च मागत. अशा वस्तीतील, पुस्तकांनी भरलेल्या एका मध्यमवर्गीय घरात बंदूक कशी शिरली, असे वाचक विचारतील. दोष आमचाच. विद्यार्थिदशेत आम्ही एन.सी.सी.मध्ये चार-दोन फैरी झाडल्या होत्या, आणि त्यांचे वर्णन घरी वारंवार करीत असू. शिवाय दादरच्या कीर्ती महाविद्यालयाच्या एन.सी.सी.तून पुढे आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, ही गोष्ट आम्ही मुलीला इसापनीतीच्या गोष्टीसारखी सांगितलेली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले, त्या दिवशी तर आमच्या सौभाग्यवतींचाही उरलासुरला विरोध मावळला.

शहरातील एका लहानशा केंद्रात ती आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागली. बंदूक केंद्राची, सर्वांनी पाळीपाळीने वापरावयाची. पहिले काही महिने गुण वाढत गेले. मग ते एका आकड्यापाशी येऊन थांबले आणि पुढे तर उतरू लागले. एके रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला स्वतःची रायफल हवी. ही रायफल माझ्या अंगाला बसत नाही." स्वतःची रायफल म्हणजे परदेशी बनावटीची, दोन लाखांच्या वरची वस्तू. आम्ही वरणभात कालवीत शांतपणे ती म्हण उच्चारली. ती गप्प बसली. त्यानंतर सहा महिन्यांत तो विषय तिने तीनदा काढला आणि तीनही वेळा आम्ही तेच उत्तर दिले. चौथ्यांदा तिने काढला नाही. आमचा युक्तिवाद जिंकला, अशी आमची समजूत झाली.

पुढे एकदा तिला आणावयास आम्ही केंद्रावर गेलो. तेथील प्रशिक्षक, आमच्याहून वयाने बरेच लहान, आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हिला या बंदुकीत किती आखडून उभे राहावे लागते, ते तुम्ही पाहिले आहे काय?" आम्ही पाहिले नव्हते. त्यांनी दाखविले. बंदुकीचा दस्ता एखाद्या उंच पुरुषाच्या खांद्याच्या मापाने लांबविलेला होता, आणि तो आखूड करण्याचा स्क्रू झिजून जागच्या जागी अडकला होता. गालाखालची पट्टी इतकी खाली, की निशाणातून पाहण्यासाठी मुलीला मान वाकडी करावी लागे. नळी आणि दस्ता यांना जोडणारा स्क्रूही सैल होता. बंदूक हलविली तर अगदी बारीक कर्र असा आवाज येई.

वाचकांस कदाचित वाटेल, की एवढ्याशा सैलपणाने काय बिघडते? दहा मीटरांच्या या खेळात दहा गुणांचे वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका असतो. छर्राच मुळी साडेचार मिलिमीटरांचा, म्हणजे लक्ष्याहून नऊपट जाड. असे साठ छर्रे, एकामागून एक, त्या ठिपक्याच्या मध्यावर पाठवावयाचे. दोनशे-अडीचशे पानांच्या पुस्तकात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर आम्ही प्राध्यापक मंडळी सहज क्षमा करतो. येथे केसाएवढी चूक कागदावर उमटून राहते. सहा महिने आमची मुलगी खरोखरच वाकड्या अंगणात नाचत होती, आणि आम्ही ओट्यावर बसून तिला म्हण ऐकवीत होतो.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्ज लिहिला.

पश्चात्तापाने खरेदीस निघालेल्या मनुष्याइतका वाईट गिऱ्हाईक दुसरा नाही. आम्हांस सर्वांत महाग बंदूक हवी होती. प्रशिक्षकांनी आम्हांस आवरले. त्यांचे म्हणणे असे, की नाव नव्हे, माप पाहावे. नियमाप्रमाणे बंदूक साडेपाच किलोंपर्यंत चालते, म्हणून सतरा वर्षांच्या मुलीने साडेपाच किलो पेलावे असे नव्हे. दस्ता, गालपट्टी, खांद्याची कड व मूठ ही चारही अंगे हलविता येतात की नाही, चाप बोटाला न शोधता सापडतो की नाही, सुटे भाग येथे मिळतात की नाही, हे प्रश्न आधी, चकाकी मागाहून. जाडजूड कॅनव्हासचे जाकीट घेतानाही आम्ही 'वाढत्या अंगाचे' घ्यावे असे सुचविले, तेव्हा सर्व हसले. ते जाकीट सैल असेल तर निरुपयोगी, आणि अडीच मिलिमीटरांहून जाड असेल तर बाद.

छर्ऱ्यांची निवड पाहून तर आम्ही थक्क झालो. एकाच कारखान्याचे छर्रे, पण डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने निराळा. बंदूक शिकंज्यात घट्ट आवळावयाची, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही, आणि एकेका डबीतले छर्रे झाडून कोणती भोके सर्वांत जवळ पडतात ते पाहावयाचे. नळीला कोणता छर्रा मानवेल हे तिच्या शेजारी उभ्या असलेल्या जुळ्या नळीवरूनही सांगता येत नाही. आपल्याकडे पत्रिका जुळविताना इतकी कसोशी होत नसेल. हवेच्या नळकांड्याचेही आयुष्य ठरलेले. त्यात दोनशे बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे नव्वदपट दाब असतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची, आणि ती उलटून गेलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे.

बंदूक घरी आली. आमचे घर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले तरी दहा मीटर भरत नाही. म्हणून घरी छर्रा न घालता, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नुसती स्थिर धरून उभे राहण्याचा सराव सुरू झाला. कन्येने एक वही घातली. तीत रोज किती फैरी झाल्या, कोणता स्क्रू केव्हा आवळला, नळकांड्याची मुदत केव्हा संपते, नळीतून कोरडे लोकरी बोळे केव्हा फिरविले, असे सर्व लिहिलेले असे. गुण वाढू लागले. घरात आनंद होता.

मग पावसाळा आला. मुंबईचा पावसाळा, त्यात खाडीकडून येणारी खारट हवा. कपाटाच्या कड्या गंजतात, पुस्तकांना बुरशी येते. एका निवड स्पर्धेच्या आदल्या रात्री आम्ही जागे होतो. दोन लाखांच्या त्या वस्तूला गंज चढेल, या विचाराने आम्ही उठलो. एन.सी.सी.तील धडा आठवला: नळीत दोरीने चिंधी ओढावी, मग तेलाचा हात द्यावा. सौभाग्यवतींच्या शिवणयंत्राच्या खणातून तेलाची बाटली काढली आणि सर्व घर निजलेले असताना, मोठ्या ममतेने, बंदुकीच्या नळीला आतून तेल दिले.

हवेच्या बंदुकीच्या नळीस तेल वर्ज्य आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. स्पर्धेतील सरावाच्या फैरींपासूनच तिचे छर्रे वरखाली विखरू लागले. तिने निशाणाचे स्क्रू फिरवून ते सावरले. परंतु प्रत्येक छर्ऱ्याबरोबर नळीतील तेल थोडे थोडे निघून जात होते. म्हणून जो उपाय पाचव्या फैरीला लागू पडला तोच पंधराव्या फैरीला उलटा बसला. नळी पूर्ण कोरडी होईतो दहा-दहाच्या दोन मालिका वाया गेल्या होत्या. निवड चार गुणांनी हुकली.

घरी परतताना गाडीत आम्ही कबुली दिली. तिने आमच्याकडे पाहिले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. या प्रसंगी ती म्हण तिने आम्हांस परत केली असती तर ती शोभली असती. अंगण आम्हीच वाकडे केले होते. ती काही बोलली नाही. चुनाभट्टी गेले, आमचे स्थानक आले, आणि आम्ही मुकाट्याने उतरलो.

दोन दिवसांनी ती वही टेबलावर उघडी दिसली. दुसऱ्याची वही वाचू नये, हे आम्हांस कळते. पण आम्ही वाचली. त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिले होते: 'नळीत तेल. स्पर्धेला निघण्याआधी नळी तपासली नाही.' तेल कोणी घातले, हे लिहिले नव्हते.

ती दोन वाक्ये वाचताना आम्हांस बालपणीचे एक कोळी आजोबा आठवले. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत आणि पाग घेऊन खाडीवर जात. त्यांच्या तरुणपणी जाळी सुताची असत, आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, असे ते सांगत. टोपली रिकामी आली की आम्ही पोरे विचारीत, "आजोबा, मासळी का नाही मिळाली?" ते लगेच उत्तर देत नसत. आधी पाग उजेडात पसरीत, सबंध जाळे बोटांखालून घालीत. एखादे भोक सापडले तर सुई-दोरा घेऊन बसत, आणि खाडीविषयी चकार शब्द काढीत नसत. भोक सापडले नाही, तरच पाण्याला आणि वाऱ्याला दोष देत. तो दोष मग खरा असे.

साधनाला दोष देऊच नये, असे आमची म्हण म्हणते. ते खरे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ रोजी, ऐन फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले. दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर, अंतिम फेरीपासून दोन गुण दूर, त्यांना थांबावे लागले. त्या वेळी त्यांना अंगणाची गोष्ट सांगणारे पुष्कळ निघाले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके घेतली. अंगण कधी कधी वाकडे असते. प्रश्न एवढाच, की ते म्हणण्यापूर्वी आपण ते झाडून, सारवून, डोळ्यांनी पाहिले होते की नाही.

पाश्चात्य देशांत नेमबाजीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात पळत, वळत, अडथळ्यांआडून नेम धरावा लागतो. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिझुरी राज्यात स्थापन झाली, आणि तिने तीन लॅटिन शब्दांचे ब्रीद घेतले. त्यांचा अर्थ अचूकता, शक्ती आणि वेग असा करतात. परंतु त्यातील पहिला शब्द 'दिलिजेन्तिया'. त्याचा मूळ अर्थ काळजी, आस्था असा आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या धातूत आवड, प्रीती हा भाव आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवर आमचे पोट चालते, म्हणून आम्हांस हे आधीच सुचावयास हवे होते. प्रीती आमच्यापाशी त्या रात्री भरपूर होती. काळजी व्हावयास तिला थोडी माहिती आणि पुष्कळ विचारपूस हवी होती.

आता बंदुकीच्या बाबतीत आमच्याकडे एकच काम सोपविलेले आहे. रविवारी सकाळी बाहेरचा धातू कोरड्या फडक्याने पुसावयाचा, तोही कन्या समोर बसलेली असताना. तेलाची बाटली शिवणयंत्राच्या खणात परत गेली आहे.

परवा एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, प्रश्नपत्रिका फारच अवघड होती." म्हण अगदी ओठांवर आली. ती आम्ही गिळली, आणि म्हणालो, "आण पाहू ती इकडे. बसून एकदा वाचू या."