बाळंतिणीच्या बाजेपाशी येताना

प्रिय अ‍ॅक्युपंक्चरच्या सुई,

बाळंतपणानंतर धरलेली कंबर, आखडलेले खांदे, हरवलेली झोप यांसाठी शहरातल्या काही बायका आता तुझ्याकडे येतात. मला बोलायचंय ते वाशिम जिल्ह्यातल्या बाळंतिणींबद्दल.

तू परकी नाहीस. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत, नागपूरच्या डॉ. चोळकरांचं नाव विदर्भातही फारसं निघत नाही. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन तुझी विद्या शिकले आणि ती इकडे घेऊन आले. महाराष्ट्राने तर तुझ्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

इथे बाळंतिणीचं करायची रीत जुनी आहे. तेल लावून अंग रगडणं, शेक, ओवा-बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, सव्वा महिना माहेरी. बंद खोलीतला शेगडीचा धूर आई आणि बाळ दोघांनाही बाधतो, तो जायलाच हवा. बाकीचं मला मोलाचं वाटतं, कारण त्यात कुणीतरी तिच्या अंगाला हात लावून विचारतं, कुठं दुखतंय? पण सोयाबीनची सोंगणी आली की घरातली माणसं शेतात जातात आणि सव्वा महिना आटत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर पुष्कळजणींना माहेरही मिळत नाही.

म्हणूनच तुझी एक गोष्ट मला फार आवडते. तू टोचलेली असताना बाईला वीस-तीस मिनिटं पडून राहावंच लागतं. तेवढा वेळ बाळ दुसऱ्याने घ्यायचं, चूल दुसऱ्याने बघायची. तुझा गुण किती बिंदूंचा आणि किती त्या विसाव्याचा, हा वाद संशोधकांत अजून मिटलेला नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू उपयोगी पडतो, याला चांगला पुरावा आहे. बाळंतपणानंतरच्या उदासीवर तसा भक्कम पुरावा नाही. आहे तेवढंच तिला सांग.

आणि काही ठिकाणी तू मागेच थांब. थांबत नसलेला रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी आणून सोडणारी डोकेदुखी, एकाच पायाला दुखरी सूज, जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार, यांतलं काहीही दिसलं तर तिथे १०८ ची गाडीच हवी. पांढरीफटक पडलेल्या बाईचा थकवा बहुतेकदा रक्त कमी असल्याचा असतो. तिला सहा महिने रोज लोहाची गोळी हवी, पोटभर जेवण हवं. ते काम तुझ्याने होणार नाही.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. आधी त्यांच्याशी बोल. नोंदणी असलेल्या जाणत्या हातातूनच ये आणि प्रत्येक वेळी नवी, सीलबंद ये. दर महाग ठेवलास तर मजुरीवर जाणारी बाई तुझ्यापर्यंत पोचायचीच नाही. आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी तुझी वेळ ठेवता आली तर बघ. दीड महिन्याच्या बाळाला लस द्यायला ती त्या दिवशी येतेच, तुझ्यासाठी वेगळा रोज बुडवावा लागणार नाही.