कोपर ते निळजे: वाट कोणाची?

कल्याण-शीळ रस्त्यावरचे ट्रक आणि टँकर टाळून, गावांच्या आतून सायकलने निळज्याला जायचं, एवढंच मनात होतं. कोपर, आयरे, भोपर, संदप, उसरघर, निळजे. मोबाइलच्या नकाशावर या गावांमधून बारीक करड्या रेषा धावताना दिसत होत्या. पण त्यातली कुठली रेषा वहिवाटीची आणि कुठली कुणाच्या शेताचा बांध, हे कसं ओळखायचं ते मला कळेना.

भोपरच्या बाजूला एका शेताशी थांबून विचारलं. तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाय, उन्हाळ्यात कुठूनही जा. पण लावणी झाली की बांधावर चाक घालू नको. बांध खचला तर खाचरातलं पाणी निघून जातं." वाटेचा विचार मी अंतर आणि चढ-उतार एवढाच करत होते. त्याला ऋतूही लागतो, हे तेव्हा उमगलं.

मग सातबारा आणि गाव नकाशा बघायला शिकले. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, आणि वाटेचा हक्क नोंदवलेला असेल तर तो 'इतर हक्क' या सदरात सापडतो. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. जागेवर मात्र हाच पायमार्ग कुंपणं आणि भराव यांच्यात इतका आक्रसलेला असतो की सायकल हातात धरून चालावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कायद्याने उडवला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार जे सार्वजनिक रस्ते आणि वाटा कुणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या. त्यांच्यावरून मी जाऊ शकते, कुणीही जाऊ शकतं. कलम 143 ची वाट वेगळी. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पोचता यावं म्हणून तहसीलदार शेजाऱ्याच्या बांधावरून जो रस्ता देतो, तो त्या शेतकऱ्याच्या गरजेपुरता. फिरायला निघालेल्या माझ्यासारखीला तो मागता येत नाही. दिसायला दोन्ही वाटा सारख्याच मातीच्या, त्यामुळे कागद पाहिल्याशिवाय आणि माणसाला विचारल्याशिवाय फरक कळत नाही.

इंग्लंडमध्ये 1968 च्या कायद्याने घोड्यांसाठीच्या वाटांवर सायकलला मुभा दिली. चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, ही अट घालून. सायकलस्वाराचा हक्क आणि त्याचं कर्तव्य एकाच कलमात लिहिलेलं वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर मावशींनाही चिंता उरली नसती.

खाडीकडच्या वाटेचाही मोह होता. कोपरच्या पश्चिमेला उल्हास खाडी आणि तिच्या काठाने कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यातल्या बांधकामांवर बंदी घातली. सायकल म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरं. पण एकाचं चाक गेलं की मागून दहा जातात, मऊ चिखलात पायवाट पडते आणि त्याच वाटेने उद्या डेब्रिजची गाडी आत शिरते. खारबांधाचंही तसंच. भरतीचं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध, मधे पाणी सोडायला उघाडी. त्यावर चाकोरी पडून तो कमजोर झाला की खारं पाणी शेतात घुसतं, आणि शेत पुन्हा गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागतात. म्हणून खाडीकाठ मी आखणीतून पूर्ण वगळला.

रूळ ओलांडायची जवळची वाट लोक सर्रास वापरतात. तीही सोडली. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी जिवाचा धोका आहेच. त्यामुळे वाट लांबली, पण निर्धास्त झाली. जिथे बांधावरून जावं लागेल तिथे विचारून जायचं, आणि पेरणीपासून कापणीपर्यंत तो टप्पा डांबरी रस्त्याने काढायचा, असं ठरवलं.

आता काळजी वेगळीच आहे. भोपर, संदप, उसरघर आणि निळजे ही चारही गावं एमएमआरडीएच्या कल्याण विकास केंद्रातल्या दहा गावांत मोडतात. या केंद्राच्या नव्या आखणीत जमिनींचे तुकडे बदलतील, मोठे रस्ते येतील. त्या आराखड्यात गाव नकाशावरच्या तुटक रेषा आधी उतरवून घ्याव्यात. कित्येक पिढ्या ज्या वाटांनी शेतावर गेल्या, त्यांतल्या ज्या वाटा शासनाच्याच मालकीच्या आहेत, त्यांच्यासाठी नव्याने जमीन घ्यायला नको. या वाटा पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी राखल्या, तर भोपरच्या शाळकरी मुलीला ट्रकच्या शेजारून सायकल हाकावी लागणार नाही. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी गाव नकाशाची प्रत जोडून हेच लिहून देणार आहे. या गावांतल्या प्रत्येकाने आपापल्या वाटेसाठी तसं लिहावं, ही कळकळीची विनंती.