निळ्या ठिपक्यांची माशी

सकाळी तुळशीच्या मंजिऱ्यांवर दोन निळ्या माश्या येतात आणि पाहणारा बहुधा दोघींना एकच समजतो. एकीच्या काळ्या पोटावर निळसर आडवे पट्टे असतात, ती अमेगिला. दुसरी काळीभोर, तिच्या अंगावर चकाकत्या निळ्या केसांचे ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात, ती थायरियस. दिसायला दुसरी अधिक देखणी, पण ती जगते पहिलीच्या कष्टांवर.

अमेगिला एकटी राहते. जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ कोरून ती लहान कोठड्या करते आणि प्रत्येकीत पराग व मकरंदाची शिदोरी भरून एकेक अंडे घालते. थायरियस घर बांधत नाही, परागही साठवत नाही. संधी साधून ती त्या कोठडीत आपले अंडे ठेवते. तिची अळी अणकुचीदार जबड्यांनी मूळ अंडे वा अळी संपवते आणि आयत्या शिदोरीवर वाढते. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेसारखीच ही रीत. व्यापारी घराला यात अदत्तादान दिसेल. परंतु शास्त्राने भ्रमराला चतुरिंद्रिय आणि असंज्ञी मानले आहे. ज्याला मनच नाही, त्याच्या नावे चोरी कशी मांडावी?

ओळखीची पहिली खूण मागच्या पायांवर असते. अमेगिला मादीच्या पायांवर पराग वाहून नेणारे दाट केस असतात. थायरियसला काही वाहायचेच नसल्याने ते नसतात. दुसरी खूण पाठीवर : छातीच्या मागच्या टोकाला चपटा फलक आणि त्याच्या कडेला खाच. ढालीच्या ग्रीक शब्दावरूनच या वंशाला १८०६ मध्ये हे नाव मिळाले.

इथपर्यंत वंश ठरतो. जाती ठरत नाही. त्यासाठी ठिपक्यांची मांडणी, खाचेचा नेमका आकार, नराच्या अवयवांची रचना हे सारे भिंगाखाली तपासावे लागते. लिफ्टिंक यांनी १९६२ मध्ये या वंशाच्या जातींची फेरमांडणी केली, ती टाचणीला टोचलेल्या नमुन्यांच्या आधारे. अशा नमुन्यांचे शास्त्रीय मोल नाकारण्यात अर्थ नाही. मात्र घरच्या बागेतील वहीचा एक रकाना भरावा म्हणून चार इंद्रियांचा जीव घ्यायचा, हे जैन मनाला पटणे कठीण.

सुदैवाने थायरियस संध्याकाळी बारीक काडी जबड्यात घट्ट धरून झोपते. त्या वेळी हात न लावता, फांदी न हलवता वरून छायाचित्र घेतले, की ढाल आणि खाच दोन्ही स्पष्ट दिसतात. सकाळी ऊन अंगावर आले, की ती काडी सोडून उडून जाते. वहीत वंशाच्या रकान्यात ‘थायरियस’ लिहिले जाते. जातीचा रकाना कोरा राहतो.