काळवीट, कालियादेह आणि बंदुकीची नळी

उज्जैनला आपली मंडळी जातात ती महाकालासाठी. पहाटेची भस्मारती, मग हरसिद्धी, रामघाट, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर, आणि दुपारच्या गाडीने परत इंदूर. मधे पोहे-जिलेबी खायला वेळ काढतात, हे त्यातल्या त्यात बरं. माझं माहेरच उज्जैन, त्यामुळे मला ही घाई नसते. या डिसेंबरात गेले तेव्हा दोन दिवस शहराबाहेरच काढले. त्याला निमित्त झाली नवऱ्याची बंदूक.

आम्ही ओहायोत राहतो. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र गेली दोन वर्षं त्याला हरणाच्या शिकारीला नेतोय. आता याला स्वतःची बंदूक हवी. दिवाळीपासून घरात एकच विषय: कॅलिबर कोणतं आणि नळी किती इंची? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, "तुझ्या मामांना विचार ना, तुमच्याकडे शिकारी होते म्हणतेस."

होते खरे. माझे आजोबा. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण विशीत असताना वडिलांबरोबर बैलगाडीतून हिंडलेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते सगळं संपलं.

"दोन बंदुका होत्या," मामा म्हणाले. "एक दुनळी बाराबोर, दुसरी तीनशेपंधराची रायफल." मग मला शिकवणी मिळाली. बाराबोर म्हणजे त्या नळीत बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणजे बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी रुंद! रायफलचं उलट. तिथे आकडा म्हणजे थेट नळीचा व्यास, इंचाच्या भागात. .३१५ म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. ती आपल्याकडे इतकी पसरली याचं कारण हरिण नाही, सरकार. .३०३ हे फौजेचं काडतूस, ते लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी शिकाऱ्यांना हे वेगळं माप दिलं. स्वातंत्र्यानंतरही आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीने तेच चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामा मला तराण्याच्या रस्त्याला घेऊन गेले. पावसाळ्यात आलात तर सगळीकडे सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, लसूण. काळी जमीन, आणि सपाट म्हणजे अगदी परातीसारखी. अर्ध्या तासात काळवीट दिसले. पंधरा-वीस माद्या, सगळ्या बदामी, आणि मधे एकच काळाभोर नर, शिंगांना मळसूत्रासारखे पीळ. आपण त्याला सरसकट हरिण म्हणतो, पण चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची जन्मभर तीच राहतात. जात वेगळी. आणि हा प्राणी जंगलातला नाहीच, उघड्या माळावरचा. डोळा तीक्ष्ण, पाय त्याहून. दोनशे पावलांच्या आत माणसाला येऊ देत नाही. बैलगाडीला मात्र बुजत नसे, म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने चालत जायचे.

"आता सांग," मामांनी विचारलं, "ह्या नरावर गोळी झाडली आणि नेम चुकला, तर ती कुठे जाईल?"

मी पाहिलं. कळपामागे हरभऱ्याचं शेत, त्यात निंदणाऱ्या चार बायका. त्यांच्यामागे ट्यूबवेलची खोली, मग गाव. ना टेकडी, ना झाड. "तुझे आजोबा दहा वेळा बंदूक खांद्याला लावायचे आणि नऊ वेळा खाली करायचे," मामा म्हणाले. "तेव्हा वस्ती विरळ होती, तरी."

ओहायोच्या नियमाचा अर्थ मला इथे उमगला. आमच्याकडे हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याची रायफल चालत नाही. पूर्वी मुख्यतः शॉटगन चालायची, २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफलींना परवानगी आहे. म्हणजे काडतूस तोंडाशी निमुळतं नसलेलं. निमुळत्या काडतुसात रुंद पोटात दारू जास्त मावते आणि बारीक गोळी प्रचंड वेगाने सुटते. ३०-०६ सारखी गोळी वर तोंड करून सुटली तर तीन मैलांपलीकडे जाऊ शकते. सरळ काडतुसाची जाड, संथ गोळी लवकर खाली येते. ओहायोही सपाट, शेतीचा, घराघरांनी भरलेला. तिथल्या कायद्यालाही मामांचाच प्रश्न पडलेला.

नळीचा हिशेब मामांनी चहा पिताना सांगितला. जुन्या तोड्याच्या बंदुकांची नळी हातभर नाही, पुरुषभर लांब असे, कारण काळी दारू सावकाश जळते आणि गोळीला ढकलत राहायला तिला जागा लागते. आताची बिनधुराची दारू भराभर जळते. मोठ्या काडतुसाच्या रायफलीची नळी एक इंच कापली तर वेग सेकंदाला वीस-तीस फुटांनी घटतो. मूळ वेग अठ्ठावीसशे फुटांच्या आसपास, तेव्हा चोवीसची वीस इंच केली तरी हरणाला फरक कळत नाही. शिकाऱ्याच्या कानाला मात्र कळतो, आखूड नळीचा आवाज फार. झाडीत वावरायचं तर आखूड बरी, माळावर लांबची स्थिर धरता येते. नवऱ्याला मी फोनवर निकाल कळवला: .३५० लीजंड, वीस इंची नळी. दारू थोडी, धक्का कमी, आणि त्यांच्या रानात शंभर यार्डांपलीकडे दिसतंय काय? त्याला लांब, रुबाबदार काहीतरी हवं होतं असा मला दाट संशय आहे.

परतताना भैरवगडावरून कालियादेहला गेलो. शहरापासून आठेक किलोमीटर उत्तरेला, क्षिप्रेच्या दोन फाट्यांमधलं बेट. माळव्याच्या सुलतानांनी नदीचं पाणी दगडी कुंडांतून खेळवलं, म्हणून बावन कुंड. जहांगीर १६१७ मध्ये मांडूला जाताना इथे उतरला होता. इथूनच तो गुहेत राहणाऱ्या जदरूप गोसाव्याला भेटायला गेला, शेवटचा टप्पा पायी. आणि त्याच सुमारास त्याने आयुष्यभराच्या शिकारीचा हिशेब करवला: बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत २८,५३२ जनावरं, पैकी १७,१६७ स्वतःच्या हातची. गोसाव्यापुढे विनम्र होणारा आणि हा आकडा अभिमानाने लिहवून घेणारा माणूस एकच. पडीक झालेला हा महाल १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवला. त्यांनी त्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकही काढलं! आज महाल पुन्हा मोडकळीस आला आहे, पण पाणी अजून वाहतं. उज्जैनवर जीव असलेल्या कालिदासाच्या शाकुंतलाची सुरुवातही हरणामागे धावणाऱ्या राजापासूनच होते, आणि पहिल्याच अंकात तपस्वी त्याला अडवतात.

अडवणं सोपं, निस्तरणं शेतकऱ्याला पडतं. तराण्याच्या वाटेवर ज्यांच्याकडे चहा घेतला, त्यांचा हरभऱ्याचा कोपरा मी पाहिला. शेंडे खुडलेले, बाकीचं तुडवलेलं. नीलगाय, म्हणजे इथला रोजडा, तर त्याहून वाईट. एक रोजडा शिरला की वाफाच्या वाफा आडवा. बंदुकीचा परवाना असला तरी उपयोग नाही. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावला तर तुरुंग. तो कायदा असावाच, माझं मत पक्कं आहे, पण त्याची किंमत मी भरत नाही हेही खरं.

२०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशने वेगळा उपाय केला. शेजारच्या शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकेची बोमा पद्धत वापरली. हेलिकॉप्टरने कळप हाकत आणायचे, कापडाने झाकलेल्या नरसाळ्यासारख्या कुंपणात घ्यायचे आणि तिथून ट्रकमध्ये. गोळी नाही, गुंगीचं औषध नाही. आठशेहून जास्त काळवीट आणि काही रोजडे पकडून गांधीसागर, कुनो अशा ठिकाणी सोडले. आता या दोन्ही ठिकाणी चित्तेही आहेत, आणि काळवीट हे चित्त्याचं जुनं खाद्य. म्हणजे शिकार व्हायची ती होणारच, फक्त मागे गाव नसेल.

मी त्या शेतकरीदादांना विचारलं, "इथलेही नेले का हो?"

"आमच्या बाजूचे थोडे कमी झाले," ते म्हणाले. "पण बाई, माळ मोकळा दिसला की दुसरे येतात." मग त्यांनी झटका मशीनची तार दाखवली, आणि शेताच्या मध्यावरचं मचाण. थंडीत रात्री दोघं भाऊ आळीपाळीने तिथे जागतात. एक टॉर्च, एक पत्र्याचा डबा आणि एक काठी.